लियाकतच्या दुकानाचं काचेचं दार

अमिरातीतल्या फुजैराच्या डोंगरात खजुराच्या बागांचं एक लहानसं गाव होतं. गाव शेतकऱ्यांचं, पण शेतकरी आपलं शेत गाडीतून बघायचा, पाटाच्या पाण्यावरून गाडीतून भांडायचा आणि शेजाऱ्याच्या आंब्याला नावंही गाडीतूनच ठेवायचा. मशीद आणि घर सोडलं, तर खाली उतरावं असं ठिकाण गावात नव्हतं.

लियाकतचं किराणा दुकानही त्याला अपवाद नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात तो रत्नागिरीहून आला, तेव्हापासून हॉर्न वाजला की माल घेऊन गाडीच्या खिडकीशी धावत होता. लांबलचक रडका हॉर्न म्हणजे खमीसबाबा. त्यांना दाट ताक हवं आणि गावच्या बातम्या. दोन तुटक हॉर्न म्हणजे शाळेचे इजिप्तहून आलेले मास्तर. त्यांना पाव हवा आणि घाई. एका खिडकीतली बातमी लियाकत मालाबरोबर दुसऱ्या खिडकीत पोचवायचा.

अठ्ठ्याण्णव साली हमरस्त्यावर सुपरमार्केट उघडलं. लियाकतची झोपच उडाली. दुकान बुडालं की व्हिसा गेला, मुलीची, फिझाची शाळाही गेली. बायकोच्या, रशीदाच्या बांगड्या मोडून त्याने एसी आणि काचेचं दार बसवलं.

"अहो, गिऱ्हाईक कधी आत आलंय का?" रशीदाने विचारलं.

"आता येईल. थंड हवा कुणाला नको?"

"त्यांच्या गाडीत काय उकडतंय?"

लियाकतने ऐकलं नाही. हॉर्नला बाहेर जायचं नाही, सुपरमार्केटवाला जातो का? गाडी थांबली की तो काचेआडून हसून, हात हलवून आत बोलवायचा. गाडी जरा वेळ हॉर्न वाजवायची आणि निघून जायची. फिझा हिशेबाला बसायची आणि जांभई द्यायची. "पप्पा, नोबडी इज कमिंग."

शुक्रवारी मशिदीबाहेर खमीसबाबांनी तोंड फिरवलं.

"बाबा, माझं काय चुकलं?"

"तू आता शेख झालास, हबीबी. आम्ही हॉर्न वाजवायचा आणि तू गादीवरून हाताने बोलवायचं! तो सुपरमार्केटवालाही तसलाच. खलास! आम्ही आता पलीकडच्या गावात जातो."

घरी येताच लियाकतने पाना काढला. रशीदाने दाराची दुसरी बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी लांबलचक रडका हॉर्न वाजला. लियाकत चप्पल न घालताच ताक घेऊन धावला.

"यल्ला, चल लवकर, बातम्या सांग," खमीसबाबा म्हणाले. "तू दार लावलंस तेव्हापासून गावात काय चाललंय ते कुणालाच कळत नाही."

लियाकतलाही काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "माझ्या दुकानाचं दार काढलं, बाबा."

"ते का?"

"आत फार उकडत होतं."

खमीसबाबांनी गंभीरपणे मान हलवली. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या खिडक्यांत पोचली होती.