बोडीतली पन्नी

फुलवंताआजी रोज सकाळी विहिरीला शिवी द्यायची. खरंच! काठावर वाकून एक कडक शिवी आत सोडायची आणि कान देऊन ऐकायची. आवाज कसा परत येतो त्यावरून सांगायची, "हातभर उतरलं गा पानी." मी एकदा दोर सोडून मोजलं. हातभरच!

आमचं गाव धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावजवळ. आजीची विहीर बोडीच्या, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या आमच्या लहानशा तळ्याच्या, खालच्या अंगाला. अख्खी गल्ली तिचंच पाणी प्यायची.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि बोडी दिवाळीआधीच आटली. पाणी मुरून वाया जातं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि उन्हाळ्यात बोडीच्या तळाला प्लास्टिकची काळी पन्नी अंथरली. सगळ्यांनी म्हणजे मीपण! आजी पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, ओरडत होती, "अरे भुताहो, मुरते म्हनून तं इहिरीत येते!"

"आजी, तुमच्या जमान्यात पन्नी नव्हती," सरपंच हसले.

"अक्कल होती!"

पुढचा पावसाळाही तसाच. चार दिवस कोसळला आणि गायब. पण बोडी काठोकाठ! मी फोटो टाकला, 'दुष्काळातही आमची बोडी फुल्ल', लाईकच लाईक. आणि तिथून शंभर पावलांवर विहिरीचा तळ दिसत होता. गल्लीतल्या बाया गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन पार शाळेच्या हातपंपावर. आजी चार वेळा सरपंचांकडे गेली.

"पन्नी काढली तं धान मरन, आजी."

"मानसं मरतीन त्याचं काय?"

कोणी ऐकलं नाही. मग एका सकाळी, सगळ्यांसमोर, ती लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि विळ्यानं पन्नी फाडत सुटली. सत्तरीची बाई!

आठ दिवसांत बोडी रिकामी. विहिरीत मात्र थेंब नाही. गावाला चान्सच मिळाला. "कुठी गेलं पानी, आजी?"

"जमीन दोन सालाची तहानलेली हाय. आधी थे पेते, मंग इहिरीले देते. तुमी उपाशी राहून दुसऱ्याले वाढता का बे?"

पोलिसात द्यायची तक्रार मी टाईप केली. पाच मिनिटांत! 'गावाचे नुकसान करणारी महिला.' आजीची मुलगी सडक अर्जुनीहून आली आणि तिला घेऊन गेली. एसटीपर्यंत सोडायलाही कोणी गेलं नाही. मीही नाही.

यंदा पाऊस बरा झाला. तरी पहिला महिनाभर विहीर हललीच नाही. पोळ्याच्या सुमाराला तळाशी पाणी चमकलं, आता दोन पुरुष खोल आहे. आणि पहिला गुंड कोणाच्या घरचा भरला? सरपंचांच्या! "देवाची कृपा," म्हणे. देवाची? फाटक्या पन्नीतून मुरलं ते पाणी! आजीचं नाव एकानंही घेतलं नाही. उलट परवाच्या ग्रामसभेत पहिला विषय काय, तर बोडीला नवीन पन्नी, यावेळी जाड!

डोकं फिरलं माझं. आजीला फोन लावला. विहिरीचं सांगितलं, नव्या पन्नीचं सांगितलं, तक्रार मीच लिहिली होती तेही एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, "तं मले कायले सांगून राहिला? सभेत उभा राह्य ना."