आत्याचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकांना नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. पत्रकं छापून गावोगाव सत्य सांगत फिरणारा मी — आणि हे एवढं मात्र दाबून ठेवलं.

आमच्या देगलूरच्या मंडळीत दर रविवारी पाळक विचारतात, "प्रार्थनेसाठी कुणाचं नाव?" आजाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं नाही, घरच्याने उठून घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. मग सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. एस्तेरआत्याला घरचा असा मी एकटाच. तिच्या पोटात गाठ होती. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, आता फक्त दुखण्याच्या गोळ्या. मी दर रविवारी उठायचो, तिचं नाव घ्यायचो.

पण मला राग यायचा — तिच्या शांतपणाचा! बसस्टँडवर लोक मला विचारायचे, तुझा देव करतो काय? आणि आत्या म्हणायची, "तो हाय की सोबत. घाई कशाची?" नुसता धीर धरणाऱ्या बाईचं पत्रक कोण वाचणार, सांगा?

मग एक आठवडा तिला बरं वाटलं. भाकरी खाल्ली, अंगण झाडलं. मी लगेच लिहिलं — गाठ विरघळली! नाव, फोटोसकट छापलं. उदगीरपर्यंत वाटलं.

तिला वाचून दाखवलं. "लेकरा, म्या बरी कुठं झाले? म्या नुसती त्याला धरून बसले हाय. तेवढंच लिहायचं ना." मी म्हणालो, तुझाच विश्वास कमी पडून राहिला, आत्या. हो, हे मीच म्हणालो. तिला.

कळा परत आल्या. रविवारी पाळकांनी विचारलं. तिचं नाव घेणं म्हणजे पत्रक खोटं, हे सगळ्यांसमोर कबूल करणं. मी सतरंजीकडे बघत बसलो. ती बायकांच्या बाजूने माझ्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारीही तेच. बाया पत्रक वाचून तिला म्हणायच्या, "एस्तेरबाई, लई मोठी साक्ष तुमची!" ती हसायची, पदराआड पोट दाबून. गीत सुरू झालं की सगळ्यांसोबत उभी राहायची — मी खोटा पडू नये म्हणून. मला लाज वाटली का? नाही. सुटल्यासारखं वाटलं.

मग एका रविवारी तिला उठताच आलं नाही. मी निघालो तर हात धरला. "आज नाव घेशील का रे माझं? लई एकटं वाटून राहिलं."

"हाव, घेतो," मी म्हणालो.

पाळकांनी विचारलं. कुणीतरी लोहा गावच्या पाव्हण्याचं नाव घेतलं. "अजून कुणी?" पाळक थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले. मी बसून राहिलो.

घरी आलो तर ती वाट बघत होती. "घेतलंस?"

"घेतलं."

"सगळ्यांनी केली प्रार्थना?"

"सगळ्यांनी."

तिने डोळे मिटले आणि "आमेन" म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली. उरलेली पत्रकं मी हदगावच्या बाजारात वाटली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं.