टिंडलांचा मारवाडचा कागद

मयेकर टिंडल मोटरसायकलखाली वाकून पाण्याची टाकी शोधत होते. वर्कशॉपातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघत उभी होती. शेवटी मीच म्हटलं, "टिंडल, हिला पाणी लागत नाही. ही वाऱ्यावर थंड होते."

ते उठून उभे राहिले. "मिस्त्री, तीस वर्षं इंजिनाजवळ काढली. पाण्याबिगर चालणारं इंजिन मी बगितलेलं नाय."

मी तेव्हा रत्नागिरीत एका मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपात हेड मिस्त्री होतो. मयेकर बोटीवरून नुकतेच कायमचे घरी आले होते. आगवाला म्हणून लागले, मग तेलवाला झाले आणि शेवटी टिंडल, म्हणजे इंजिनखोलीतल्या खलाशांचे मुकादम. एडन, लंडन, सिंगापूर सगळं फिरले, पण पाहिलं काय, तर बॉयलरचं तोंड. बंदरात बोट लागली की यांचं इंजिन दुरुस्तीला निघायचं. आता त्यांना उघड्यावरून जग पाहायचं होतं. डोंगर पाहायचे होते आणि वाळवंट पाहायचं होतं. बदली झालेल्या एका साहेबाची जुनी मोटरसायकल त्यांनी त्यासाठीच घेतली होती. जायचं होतं मारवाडपर्यंत आणि तेही एकट्याने.

घरी मयेकर वहिनींनी एकच अट घातली होती. मिस्त्री जा म्हणाले तर जा, नाही म्हणाले तर गाडी विकून टाका. म्हणजे माणूस त्यांचा, हौस त्यांची, आणि नको तो विस्तव माझ्या पदरात. मी आधी थोडा चिडलो. पण पन्नाशी उलटलेला तो माणूस रोज सकाळी येऊन माझ्यासमोर बाकावर बसायचा. त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

मग मी कामाला लागलो. प्रवासाचा प्लॅन म्हणजे नकाशावर रेघ मारणं नव्हे. पेट्रोल तेव्हा चौकोनी डब्यांतून मिळे, तेही मोठ्या गावांतच. म्हणून आधी डबा कुठे मिळेल ती गावं लिहिली, मग मुक्काम त्यांच्याभोवती बसवले. आंबा घाटाने वर कोल्हापूर, तिथून पुणे, नाशिक, धुळं, इंदूर, पुढे उदेपूर, अरवलीचे डोंगर उतरून जोधपूर, आणि तिथून वाळूत दोन दिवस. दिवसाला साठ-सत्तर मैल, त्याहून जास्त नाही. दिवा कार्बाइडचा होता, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम. दोन ट्यूब, प्लग, चेनच्या कड्या, पंप. वाळूत कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, धूळ ओढतो. त्याच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधायला शिकवलं. वाळू आली की टायरची हवा थोडी कमी करायची हेही शिकवलं.

मग ट्रायल. सगळं सामान लादून आंबा घाट चढून परत यायचं, असं मी सांगितलं. टिंडल आले ते बोटीवरची लोखंडी पेटी मागे बांधून. आत स्टोव्ह, तांदूळ, आमसुलं, सुकट, दोन घोंगड्या आणि नारळ. मी सर्व्हिसच्या मोटरीतून मागोमाग गेलो. दुसऱ्याच वळणावर गाडीचं पुढचं चाक जमीन सोडायला बघू लागलं. मागच्या चाकाच्याही मागे ओझं पडलं की पुढचं चाक हलकं होतं, मग हँडल कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. टिंडलांनी कसंबसं पाय टेकून गाडी दरीच्या उलट्या बाजूला नेली. मी मोटरीतून उतरून धावत गेलो. ते मात्र खाली पाहत म्हणाले, "काय झाडी हाय, मिस्त्री."

पेटी तिथल्या तिथे मोटरीत गेली. नारळही गेले. मारवाडात नारळ घेऊन जाणारा माणूस कोकणाशिवाय कुठे सापडायचा नाही.

निघायच्या आठ दिवस आधी माझा प्लॅनचा कागद घेऊन आम्ही बाजारातल्या कापडवाल्या शेठजींकडे गेलो. ते मूळचे जोधपूरकडचे. त्यांनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात दोरी कुठे आहे?"

मी म्हटलं, कसली दोरी? तेव्हा त्यांनी समजावलं. त्यांच्या मुलखात विहीर शंभर शंभर हात खोल, आणि वाटसरू दोरी-लोटा आपला आपण घेऊन निघतो. आमच्याकडे परड्यात विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाला दोरी. ती आपण न्यायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि टिंडलांच्या तर नाहीच. जन्मभर बोटीवर दोरांत वावरलेला माणूस पोट धरून हसत सुटला. दोरी तिथेच घेतली. मला मात्र हसू येईना. जी गोष्ट शेठजींनी पाच मिनिटांत काढली ती मला दोन महिन्यांत सुचली नव्हती, तर आणखी काय काय सुचलं नसेल?

टिंडलांनी हा किस्सा घरी रंगवून सांगितला असणार, कारण दुसऱ्याच दिवशी वहिनींचा निरोप आला. मी मांडवीला त्यांच्या घरी गेलो तो बोलणी खायच्या तयारीने. टिंडल ओटीवर मान खाली घालून बसले होते. आता गाडी विकावी लागणार, असंच आम्हा दोघांनाही वाटत होतं.

वहिनींनी चहा ठेवला आणि दोरीचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं की तुमची मोटर चिपळूणला जाते आणि वेळेवर परत येत नाही, तेव्हा तुम्ही काय करता?

यात मी हुशार. मी सांगितलं की मोटर सुटताना ट्रिप शीट करतात, म्हणजे कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचायचं त्याचा कागद. खाली कार्बन घालून दोन प्रती. एक ड्रायव्हरकडे, एक वर्कशॉपात खिळ्याला. उशीर झाला की आपण आपली प्रत बघायची आणि मोटर कुठे असेल ते ओळखून माणूस धाडायचा.

"मग ह्यांच्या कागदाची दुसरी प्रत कुटं हाय?" वहिनी म्हणाल्या.

रोज सकाळी चार मोटरींसाठी जे करत होतो, ते या माणसासाठी केलं नव्हतं.

"तीस वर्षं हे बोटीवर होते," त्या म्हणाल्या. "पत्र यायचं तवा बोट दुसरीकडंच गेलेली असायची. दिवा लावताना आज हे कुटं असतील, ते मना एक दिवस कळलं नाय. जायला माजी ना नाय, मिस्त्री. पण ह्या वेळी मना कळलं पायजे."

मला फार लाज वाटली. मी दोन महिने प्रवास सुरक्षित करण्यात घालवले, आणि वहिनींना हवा होता एक कागद. त्याच दिवशी मी कार्बन घालून नवा प्लॅन लिहिला, अक्षर मोठं काढलं, समोर वार आणि तिथी घातली. टिंडलांकडून कबूल करून घेतलं की मुक्काम बदलायचा तर आधी तार करायची.

मार्गशीर्षात ते निघाले. वहिनींनी आपली प्रत देवघराशेजारी लावली. दिवेलागणीला त्या दिवसाच्या गावापुढे कुंकवाचं बोट लावायच्या. शेजारणींनी विचारलं तर सांगायच्या, "आज उदेपूर." आवाज असा, जणू स्वतःच तिथे उतरल्यात.

शिमग्याच्या आधी टिंडल परत आले, काळे ठिक्कर आणि खूष. दोन पंक्चर, एक तुटलेली कडी, बाकी काही नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते जोधपूरच्या पुढच्या वाळूच्या टेकड्यांचं वर्णन करत होते. सोमवारी तिथे पोचलो, म्हणाले. "मंगळवारी," वहिनी आतून म्हणाल्या. टिंडलांनी बोटं मोजून पाहिली. मंगळवारच होता.

मी म्हटलं, इतकं आवडलं तर एखादा दिवस जास्त राहायचं होतं. तार कुठून करणार वाळूतून, पण वहिनींनी समजून घेतलं असतं.

"रावलो असतो," टिंडल म्हणाले. "पण ही फुडच्या गावाला गेली असती ना."

इतकी वर्षं मी मोटरींचं काम केलं. त्यावरून सांगतो, स्पेअर कितीही बांधा आणि दोरीही न्या, पण कागद दोन प्रतींत करा. जाणाऱ्याची प्रत वाटेत हरवली तरी चालते.