पदराच्या आठ गाठी

मारुतीवर मी जितका चिडलो, तितका उभ्या आयुष्यात कुणावर चिडलो नसेन. आणि साहेबापासून सासऱ्यापर्यंत चिडण्याजोगी माणसं मला काही कमी मिळाली नव्हती.

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. मावळातल्या एका लहानशा स्टेशनावर मी तिकीटबाबू होतो, राहायला लोणावळ्यात. आमच्या आळीतल्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन व्हायचं. मंडळाची जुनी पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. एका शनिवारी नव्या पेटीसाठी वर्गणीची बोलणी निघाली. कुणी दोन रुपये म्हणे, कुणी एक, कुणी नुसताच खाकरे. मला ती घासाघीस ऐकवेना. उठलो आणि म्हणालो, "पेटी माझ्याकडून." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला पावणेतीनशे रुपयांना पडल्या.

पगार नव्वदाच्या आतबाहेर. बायकोच्या पाटल्या तळेगावच्या एका सावकाराकडे ठेवून पावणेदोनशे उचलले. पेटी आली म्हणजे पूजा आली, पूजा आली म्हणजे जेवण आलं. त्याचा शिधा वाण्याकडून उधार, तो शंभराचा झाला. इथं थांबलो असतो तरी नुसता मूर्ख ठरलो असतो. पण पेंटरला गाठून पेटीच्या झाकणावर 'दाता' असं लिहून खाली माझं नाव घालून घेतलं. मारुतीचं नाव तळाशी, जरा बारीक. जागाच उरली नव्हती.

मग सुरू झाली माझी शोभा. वाणी मंडळात टाळ वाजवायचा आणि मी पेटी वाजवताना बरोबर माझ्या समोर बसायचा. अभंग कुठलाही असो, त्याची नजर 'दाता' या दोन अक्षरांवर. आळीतल्या बायका माझ्या बायकोच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे बघायच्या, तेव्हा ती सांगायची, पाटल्या घट्ट होतात हल्ली. हे ती हसून सांगायची. ते हसणं मला वाण्याच्या नजरेपेक्षा जड जाई. वर्षभरात मी दमडी फेडली नाही, कारण थोडंथोडं देणं मला कमीपणाचं वाटे. फेडीन तर एकदम! शेवटी सावकाराचा निरोप आला: पाडव्यापर्यंत रक्कम आली नाही, तर पाटल्या आटवणार.

त्या शनिवारी देवळात कुणी नसताना मी मारुतीपुढे उभा राहिलो आणि स्पष्ट बोललो. पेटी तुझ्यासाठी, पूजा तुझी, जेवले तुझे भक्त, आणि कर्ज तेवढं माझं? हा कुठला न्याय? अर्थात तू ब्रह्मचारी, तुला पाटल्यांचं काय कळणार! येत्या शनिवारच्या आत पावणेतीनशे रुपये पाठव, नाहीतर तुझी पेटी तू वाजव. इतकं बोलून नमस्कार न करता निघालो. चपला घालताना मात्र घाईघाईनं केला.

पाचव्या दिवशी बाजार होता, खिडकीपुढे रांग. डोंगरवाडीतली एक म्हातारी, डोक्यावर पत्रावळींचा भारा, खिडकीशी आली आणि तिनं माझ्यापुढे एक आणा ठेवला. कुठलं तिकीट विचारलं, तर म्हणाली, तिकीट नको. मग मला आठवलं. पावसाळ्यात ही तापानं फणफणलेल्या नातवाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला आली होती, दोन तिकिटांना आठ आणे कमी पडत होते. मी तिला आधी झापलं, मग खिशातून आठ आणे घातले. तेही रांगेला दिसेल असे. सवयच लागली होती दातेपणाची.

तिनं पदराचं टोक गजातून आत सारलं. त्याला आठ गाठी होत्या.

"भाऊ, पोरगं बरं हाय. बाजाराला येक आणा, आठ बाजारात फिटंल. ही गाठ सोडा."

"राहू दे, मावशी. माफ केलं," मी मोठ्या मनानं म्हणालो.

म्हातारी उसळली. "माफ? म्या काय गुन्हा केला व्हय? माज्या नातवाला दवाखान्यात म्या नेला. निम्मा तुमी नेला, असं ऱ्हायला नको. आन् ज्याचं देणं त्यानं गाठ सोडायची. सोडा."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, सोडा की बाबू, गाडी येतीया. मी मुकाट्यानं गाठ सोडली. ती गेली आणि मी आणखीच पेटलो. देवा, मागितले पावणेतीनशे, पाठवलास एक आणा? वर माझाच!

शनिवारी मी भजनाला गेलो नाही. पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी एक आणा, एक गाठ, वर "बरं हाय का भाऊ?" एवढंच. चौथी गाठ सोडताना माझी बोटं थबकली. पत्रावळी विकून ही बाई मान ताठ ठेवून फेडते आहे, आणि मी नव्वद रुपयेवाला मारुतीला तंबी देतो आहे. तिला नातवाच्या तिकिटात दुसऱ्याचा वाटा खपत नव्हता. माझं नाव तर दुसऱ्यांच्या पैशांवर रंगवलेलं होतं. मला आता राग आला तो खरा, आणि योग्य माणसाचा आला.

संध्याकाळी सुतळीचे दोन तुकडे घेतले. चहाची टपरी आणि तंबाखू बंद, सुटीच्या दिवशी लोकांचे अर्ज लिहायचे चार-चार आणे, असे महिन्याला पंधरा रुपये निघत होते. वाण्याला पाच, म्हणजे वीस गाठी. सावकाराला व्याजासकट दहा, म्हणजे बावीस. पहिल्यांदाच सबब न सांगता सावकारापुढे दहा रुपये ठेवले आणि सुतळी पुढे केली. त्यानं सुतळीवरच्या गाठी मोजल्या. मग म्हणाला, "तीन महिने चुकला नाहीस, तर आटवत नाही." आणि कुरकुरत गाठ सोडायला बसला. वाणी गुळाच्या चिकट बोटांनी सोडायचा. पहिल्या दिवशी हसला, नंतर भजनात माझ्या बोटांकडे बघू लागला. झाकणावरचं नाव मी ब्लेडनं खरवडून काढलं. डाग राहिला तो राहू दिला.

म्हातारीनं आठवी गाठ सोडवून घेतली आणि पदर झटकला. तिचं नाव विचारायचं मला त्या क्षणीही सुचलं नाही. पुढे बाजाराला नजर तिला शोधायची, पण ती पुन्हा दिसली नाही.

बाविसाव्या महिन्यात पाटल्या घरी आल्या. बायकोनं हातात घातल्या, फिरवून बघितल्या आणि म्हणाली, "सैल होतायत की." एवढं बोलून ती आत गेली. तिचे हात बारीक झाले होते. ते कुठल्या सुतळीनं फेडायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

सगळ्या गाठी सुटल्यावर मी त्यातल्याच एका सुतळीला एक नवी गाठ मारली आणि ती पेटीच्या कडीला बांधली. ती म्हातारीच्या देण्याची. ज्याचं देणं त्यानंच सोडायची, आणि ती काही येत नाही. हल्ली मी मारुतीला तारखा देत नाही. एवढंच म्हणतो, तू एक आणा पाठवलास तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो. तेवढाच लागत होता, हे तुला ठाऊक होतं. ही एक गाठ तुझ्याकडे ठेवून घे.