शंकररावांचा व्हर्नियर

गुरू ग्रहाचा फोटो व्हर्नियरने, कारखान्यात केसभर फरक पकडायच्या मोजपट्टीने, मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शंकरराव. कासारवाडीत त्यांची आणि आमची भिंत एक. चाकणच्या एकाच कारखान्यात आम्ही होतो, मी मशीनवर, ते तपासणीला. ते रिटायर झाले, मी नंतरही कंत्राटावर जात राहिलो.

आकाशात एक मोठी दुर्बीण फिरते आणि दरवर्षी गुरू, शनी असल्या थोराड ग्रहांचे फोटो काढते, तिथल्या वाऱ्याढगांत काय बदललं ते बघायला, हे मला त्यांनीच सांगितलं. मी चौथी पास. नवा फोटो आला की शंकरराव स्टेशनजवळच्या दुकानातून तो रंगीत छापून आणायचे आणि भिंतीवर मागच्या वर्षीच्या शेजारी चिकटवायचे. गुरूवर एक तांबडा डाग आहे. वादळ आहे म्हणे, आपली पृथ्वी आत बसेल एवढं. आधी आख्ख्या ग्रहाची रुंदी मोजायची, मग डागाची, भागाकार करायचा आणि फोटोखाली बॉलपेनने लिहायचं.

"एका फोटोवर तोंड उघडायचं नाही, राव. मागचा शेजारी ठेवा, मग बोला." कारखान्यातली सवय. तिथे मागच्या शिफ्टचा शेवटचा पीस टेबलावर असल्याशिवाय ते नव्याला हात लावत नसत. एकदा मॅनेजर म्हणाला, "केसभर तर फरक आहे, सोडून द्या." मॅनेजरला टक्कल. शंकरराव म्हणाले, "केस तुम्हाला ठेवा साहेब, पीसला नको." माल परत गेला.

माझ्या बायकोला, शांताला, ते फोटो आवडायचे. "भाऊजी, ही तर करपलेली भाकर."

"वहिनी, पण करपलेलं दरवर्षी कमी होतंय."

"मग माझ्यापरीस त्याची बायकू शिकली म्हणायची." हसायची आणि खोकायची.

खोकला राहिना तेव्हा छातीचा फोटो काढला. डाग निघाला. मग दर थोड्या महिन्यांनी नवा फोटो. माझी शिफ्ट, म्हणून शंकररावच तिला रिक्षाने न्यायचे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की मी आधी त्यांच्या दारात.

"काय निघालं?"

"मागचा शेजारी ठेवून बघितला. डाग तेवढाच आहे."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर डॉक्टरला गाठलं असतं. शंकररावांनी सांगितलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. रविवारीसुद्धा ओव्हरटाइम केला.

शांता गेली. तेराव्यानंतर कपाट आवरताना साड्यांखाली तिचे एक्स-रे सापडले. चार पाकिटं. प्रत्येकावर बॉलपेनने आकडा, प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा मोठा. अक्षर कुणाचं ते ओळखायला शाळा लागली नाही. तसाच उठून शेजारी गेलो.

"हे तुमी लिवलंय?"

"हो."

"मला तेवढाच हाय म्हणालात."

"वहिनींनी शपथ घातली होती. म्हणाल्या, यांना कळलं तर काम सोडून उशाशी बसतील."

"बसलो असतो की."

त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "औषधाने होण्यासारखं काही उरलं नव्हतं, राव."

"औषधाचं कोण बोलतंय? मी तिच्यापाशी न्हवतो."

राग शांताचाही आहे. दोघांनी मिळून मला बाहेर ठेवलं. पण तिच्याशी आता भांडू कसा? म्हणून सगळा शंकररावांवर काढला. बोलणं टाकलं.

यंदा ते मुलाकडे लातूरला कायमचे निघाले, तेव्हा दारात आले. हातात नवा फोटो.

"डाग आणखी आकसलाय."

"असं तुमी म्हणताय."

 त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, फोटोवर ठेवला आणि दोन्ही माझ्या उंबऱ्यावर ठेवले. "तुम्हीच मोजा," म्हणाले आणि गेले.

मी मोजलेला नाही. मोजायची गरजच नाही. इतक्या लांबच्या डागाबद्दल शंकरराव खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच मला सोसत नाही.