अक्काला विचारलंच नव्हतं

डॉक्टरीणबाईंनी छातीतली गाठ कॅन्सरची आहे म्हणून सांगितलं आणि अक्काचा पोरगा लगेच म्हणाला, "या वयात चिरफाड नको. गोळ्यांवरच ठेवा." मीही मान डोलावली. चाकू लागला की ते पसरतं, असं आमच्याकडं सगळेच म्हणत. अक्का बाहेर बाकड्यावर होती. दार लोटून ती आत आली, खुर्ची ओढून बसली आणि पोराकडं बोट करून बाईंना म्हणाली, "गाठ माझी हाय का ह्याची?"

अक्का माझी थोरली जाऊ. तिचा एक नेम होता, विचारायचं तर साहेबाला नाही, प्रत्यक्ष कामाला हात लावणाऱ्याला. भूकंपात गावचं घर पडलं. नवी घरं बांधणारे साहेब कागद पसरून बसले, तर ही गवंड्याजवळ गेली. "तू ऱ्हाशील का ह्यात?" गवंडी खाली बघू लागला. अक्कानं ते घर सोडून लातूर गाठलं, क्लासच्या पोरींसाठी मेस घातली आणि मला देगलूरहून बोलावून घेतलं. माझी भाकरी कधी गोल झाली नाही. ती पोरींना सांगायची, "ही खाल्ली की भूगोल पाठ हुतो."

बाईंनी वय विचारलं. ते तिला नक्की ठाऊक नव्हतं. "वय काय इचारता, काम इचारा," म्हणाली. मग त्यांनी जिने किती चढते, दम लागतो का, सगळं विचारलं, तपासलं. गाठ लहान होती, काखेत गेली नव्हती. नुसत्या गोळीनं ती काही वर्षं दबून राहील, पण शरीर धड आहे तर काढलेली बरी, असं बाई म्हणाल्या. अख्खा स्तन काढायची गरज नव्हती. नुसती गाठ काढली तर मागून किरणांचा शेक देतात. पण या वयात, असल्या गाठीला, रोजची गोळी पाच वर्षं चुकवली नाही तर शेक टाळताही येतो. चाकूनं पसरत नाही, हे त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं.

अक्का उठली आणि पट्ट्या बदलणाऱ्या सिस्टरकडं गेली. जखम किती दिवसांत भरते, हात वर जातो का, भाकरी थापता येते का, असं विचारत अर्धा तास बसली. परत येऊन म्हणाली, "गाठ काढा. गोळी म्या खाईन. शेक नको."

पोरगा रडकुंडीला आला. काही झालं तर, म्हणाला.

"झालं तर मला हुईल. पर मला इचारून हुऊ दे."

मी तिला हट्टी म्हणाले. त्यावर म्हणाली, "तुला माझी काळजी न्हाई गं. मेस एकटीच्या गळ्यात पडंल म्हणून भ्या वाटतंय." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

गाठ काढल्यावर महिन्याभरात ती भाकरी थापायला परातीपुढं बसली. गोळी पाच वर्षं एक दिवस चुकवली नाही. सांधे दुखायचे, तेव्हा गोळीला शिव्या द्यायची आणि गिळायची.

पुढं ती थकून, म्हातारपणानं गेली. ऑपरेशननंतर अक्का अकरा वर्षं जगली.