युगोस्लाव्हियाचं पान

नकाशावरून पुसल्या गेलेल्या देशांचं श्राद्ध घालणारा माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो आमच्या डब्लिनमध्ये, आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरात राहत होता. डब्लिन म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोतलं. सगळे त्यांना कोपऱ्यावरचे काका म्हणायचे. त्यांना नाव होतं, पण ते फक्त मेलबॉक्सवर, आणि तेही बर्फ-पावसानं निम्मं उडालेलं. मी याद्या करणारी बाई आहे. कुणाच्या घराची जादा किल्ली कुणाकडे, पॉटलकला कोण काय आणणार, कुणाच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं रस्त्यावरचे लोक मलाच विचारतात. काकू गेल्यावर काकांच्या घराची किल्ली साहजिकच माझ्याकडे आली, आणि किल्लीच्या मागोमाग काका आले.

काकांचा विषय एकच: युरोपातल्या सोळा वर्षांखालच्या मुलांची बास्केटबॉल स्पर्धा. इथल्या मोठ्या लीगचं नाव काढलं, तर श्राद्धाच्या स्वयंपाकात कुणी कांदा घातल्यासारखं तोंड करायचे. "ती धंद्याची माणसं. खेळ सोळाच्या आत असतो, नंतर नोकरी असते." ही स्पर्धा पूर्वी वर्षाआड भरायची, तेव्हा त्या मुलांना कॅडेट म्हणायचे, आणि पुढे ती दरवर्षी भरायला लागली. हे मला कसं माहीत, असं विचारू नका. आमच्या रस्त्यावरच्या पोस्टमनलासुद्धा माहीत आहे. एकदा मंडळाच्या गणपतीत प्रश्नमंजूषा घ्यायला मी भाबडेपणानं काकांना उभं केलं. पहिला प्रश्न आला, सुरुवातीच्या वर्षांत हे विजेतेपद आलटून पालटून कोणत्या दोन देशांकडे जायचं? "सोव्हिएत युनियन आणि युगोस्लाव्हिया," काकांनी स्वतःच उत्तर दिलं आणि स्वतःलाच गुण दिले. दुसरा प्रश्न, हे दोन्ही देश आज कुठे आहेत? कुणीतरी मागून ओरडलं, "काका, आरतीला उशीर होतोय!" काका माइकमध्ये अगदी हळू म्हणाले, "त्यांनाही झाला." त्या वर्षी आरती जरा घाबरतच झाली.

सोळा वर्षांच्या बाबतीत ते फारच हळवे होते. माझा मुलगा सोळाचा झाला, तेव्हा केक कापून होतो तोच काका दारात. हातात श्रीखंडाचा डबा, अंगात काळा कोट. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट झालं." मुलाकडे बराच वेळ पाहत राहिले. "उंची चांगली होती," म्हणाले. होती! तो तिथेच उभा होता, तोंडात केक. "मॉम, व्हाय इज ही टॉकिंग लाइक आय डाइड?" असं विचारत होता. मी सांगितलं, श्रीखंड फ्रीजमध्ये ठेव. पण खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस तो शाळेतून येईपर्यंत माझं लक्ष दाराकडेच असायचं.

काकांच्या तोंडी जुनी कुठलीच मॅच भूतकाळात नसायची. संध्याकाळच्या चहाच्या वेळी भांडं परत करायला गेलं, की ते बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून बसलेले असायचे. समोर टीव्ही नाही. रिकामी खोली, राखाडी भिंत. "शू! फ्री थ्रो आहे," म्हणायचे. मी जिन्यातच थांबायचे. "गेला! आता इटली बॉल घेऊन येतेय." त्यांची मान डावीकडून उजवीकडे वळायची, मग उजवीकडून डावीकडे, आणि नजर कशावर तरी नेमकी धरलेली. मी एकदा म्हटलं, "काका, व्हिडिओ तरी लावा की." ते हसले. "अगं, त्या काळच्या पोरांच्या मॅचवर कॅमेरा कोण लावणार? त्या कुणी जपून ठेवल्या नाहीत म्हणून तर इथे खेळाव्या लागतात." मी भांडं पायरीवर ठेवलं आणि वर निघाले. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, की माझीही मान वळत होती.

आणि तो आवाज. आधी मी तो मनावर घेतला नाही. धप्. धप्. धप्. मध्ये थोडं थांबून परत धप्, धप्. काँक्रीटवर रबरी बॉल आपटावा तसा. घरात बॉल नव्हता. काकांचे दोन्ही गुडघे असे, की पडलेलं वर्तमानपत्र उचलायला ते मला फोन करायचे. मी पद्धतशीर माणूस आहे. मी खाली जाऊन पाणी उपसणारा सम्प पंप पाहिला, वॉटर हीटर पाहिला, गरम हवेच्या नळ्यांना हात लावून पाहिला, ड्रायरमध्ये बूट राहिलाय का तेही पाहिलं. मग प्लंबर बोलावला. तो सगळं तपासून वर आला, पैसे घेताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाइस किड्स," आणि निघून गेला. मी काकांना विचारलं, "कुठली मुलं?" काका बिस्किट चहात बुडवत होते. "वॉर्म-अप करतायत. मॅचला अजून वेळ आहे."

हे वेड आलं कुठून, याबद्दल रस्त्यावर अनेक तर्क होते. एकदा मीच सरळ विचारलं. काका तरुणपणी चिंचवडच्या कारखान्यात होते, तिथून त्यांना युगोस्लाव्हियातल्या एका कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. भाषा येत नाही, जेवण जात नाही, थंडी अशी की घरून आलेलं तिळाचं तेल बाटलीत गोठलेलं. होस्टेलच्या खोलीची एक भिंत आणि शेजारच्या जिमची भिंत एकच. तिथे गावातली शाळकरी मुलं सराव करायची. "मी त्यांना फारसं पाहिलंच नाही गं. फक्त ऐकलं. तो आवाज सुरू झाला की मला झोप लागायची. घरी शेजारच्या खोलीत कुणीतरी वावरतंय असं वाटायचं." त्यातला एक मुलगा पुढे त्या स्पर्धेत खेळला, असं त्यांना कळलं, आणि तेव्हापासून त्यांनी स्पर्धा धरली ती सोडलीच नाही. इथे आले, संसार झाला, आवाज विसरला. काकू गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो खालून यायला लागला. "मी म्हटलं, या. तुमचं आता तिकडे आहे तरी कोण?"

म्हणून दर सर्वपित्रीला ते घरामागच्या लाकडी डेकवर पानं मांडायचे. घरच्यांचं एक आणि शेजारी तीन: सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया. "माणूस गेला तर मुलगा करतो. देश गेला तर त्याचं कोण करणार? मुलं आपापल्या नव्या नावानं खेळायला गेली." खीर आणि वडे मी करायचे, आमसुलाची चटणी ते स्वतः करायचे. चेकोस्लोव्हाकियाला ते एक वडा जास्त वाढायचे. "पदकं बेताची, पण खाणारी पोरं," म्हणायचे. कुंपणापलीकडच्या मेपलवरून कावळे यायचे. युगोस्लाव्हियाच्या पानाला कावळा पटकन शिवायचा. सोव्हिएत युनियनचं मात्र दरवर्षी काहीतरी अडायचं. आपल्याकडे कावळा शिवेना की गेलेल्याला शब्द देतात ना, मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू, तसे काका हात जोडून उभे राहायचे. "तुमच्या विजेतेपदांवर दुसऱ्या कुणाचं नाव लागू देणार नाही. मी आहे." मग कावळा यायचा. मी योगायोगावर विश्वास ठेवणारी बाई आहे, पण दरवर्षी ठेवायला लागला की दमायला होतं.

हे सगळं असंच चाललं असतं, पण त्यांच्या मुलीचा, नेहाचा, मला फोन आला. ती इथेच जन्मलेली, दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला फिजिओथेरपिस्ट आहे. "ताई, व्हिडिओ कॉलवर बाबा माझ्याकडे बघतच नाहीत. ही इज वॉचिंग समथिंग बिहाइंड मी. मी येतेय. ठीक वाटले नाहीत तर त्यांना घेऊन जाणार." आणि ती येणार होती नेमकी सर्वपित्रीला.

मी काकांना बसवलं. "नेहासमोर मॅच नाही, टीम नाही, देश नाहीत. हवा, रक्तदाब आणि किराणा. एवढंच बोलायचं."

"आणि पानं?"

"पान एकच. घरच्यांचं."

काकांनी बेसमेंटच्या दाराकडे पाहिलं. "मला तिकडे नेलं, तर यांना पत्ता कोण सांगणार?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय, न्यायची वेळच येऊ देऊ नका."

त्या दिवशी काकांनी कमाल केली. रक्तदाबाचे आकडे सांगितले, कोथिंबीर किती महागली ते सांगितलं, पानगळीबद्दल तर इतकं रसाळ बोलले की नेहाचा चेहरा निवळला. डेकवर एकच पान मांडलं. कावळा कुंपणावर येऊन बसला, आणि बसूनच राहिला. आणखी दोन आले. तेही बसले. पानाकडे नाही, सगळे घराकडे बघत होते. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून आम्ही तिघं खुर्च्यांवर उपाशी. वडे गार झाले, खिरीवर साय आली.

मग खालून आवाज सुरू झाला. धप्. धप्. धप्.

"व्हॉट इज दॅट?" नेहा म्हणाली.

"सम्प पंप," मी म्हटलं.

काका कपात बघत म्हणाले, "सम्प पंप." इतकं आज्ञाधारक खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही.

"गेले कित्येक दिवस पाऊस नाही, ताई," असं म्हणून नेहा उठली आणि खाली गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली. मग आवाज थांबला. काकांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा बर्फासारखा होता. "टाइम-आउट घेतला असेल," ते कुजबुजले, पण माझ्याकडे न बघता. बऱ्याच वेळानं नेहा वर आली. सरळ किचनमध्ये गेली, तीन कागदी प्लेट काढल्या, आणि भात, वरण, खीर, वडे वाढायला लागली. एका प्लेटमध्ये तिनं एक वडा जास्त ठेवला. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

"लहानपणी मी त्या जिन्यात बसून होमवर्क करायचे," ती म्हणाली. "बाबा कॉमेंट्री करायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असतं."

"खाली काय होतं?" मी विचारलं.

"थंडी," ती म्हणाली. "आणि रबराचा वास."

तिनं तिन्ही प्लेट डेकवर मांडल्या आणि हात जोडले. "ओके. युअर गेम्स आर स्टिल युअर्स. तुमचं कुणी काही घेणार नाही. जेवा आता, बाबांना भूक लागलीय." कुंपणावरचे कावळे एकदम उठले. काका चष्मा पुसत म्हणाले, "उच्चार अमेरिकन आहे, पण समजलं त्यांना."

नेहा एकटीच परत गेली. जाताना ड्राइव्हवेमध्ये मला म्हणाली, "ही इज फाइन, ताई. ते एकटे नाहीयेत." काकांना आणखी एक हिवाळा मिळाला. पण त्याच हिवाळ्यात ते त्याच ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिथे मात्र वॉर्म-अप करणाऱ्या मुलांचा काही उपयोग नव्हता. ट्यूलिप उगवले तेव्हा नेहा त्यांना घेऊन गेली. सामान मीच बांधलं. काका गाडीत बसले, काच खाली केली आणि विचारलं, "येतील ना गं ते तिकडे?" मी म्हटलं, "न यायला काय झालं?" नेहाचं घर सपाट जमिनीवर बांधलेलं आहे, त्याला बेसमेंटच नाही, हे मला माहीत होतं.

मी दर रविवारी फोन करायचे. "कसं आहे, काका?" "उत्तम. ऊन आहे. नेहा पायाचे व्यायाम करून घेते. यंदाच्या स्पर्धेचा निकाल टॅबवर दाखवला तिनं." मग जरा थांबून, "शांत आहे गं फार." ही तक्रार होती हे मला कळायचं. झोप लागते का, असं विचारलं की ते विषय बदलून हवेवर जायचे. कोपऱ्यावरच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं. मी त्यांना एकदा आडून आडून विचारलं, बेसमेंट कसं आहे? "सुपर क्वाएट," ते खूश होऊन म्हणाले.

परवा दुपारी मी आमच्या बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. मुलगा कॉलेजला गेलाय, घरात कुणी नाही. खिडकीतून मेपलची लाल पानं दिसत होती. आधी पायांना थंडी वाजली. मग माझ्या पाठीमागे, मोकळ्या फरशीवर, धप्. धप्. धप्. मी पद्धतशीर माणूस आहे. सम्प पंप बघितला. कोरडा होता. हीटर बघितला. ड्रायर उघडून बघितला. मग मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं, आणि काकांना फोन लावला.

"काका, ऐका," एवढंच म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि मान खालीच ठेवून तो फरशीवर ठेवला, जिन्यापासून थोडा दूर, जिथे आवाज जास्त होता तिथे.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग "आले होय" असं काहीतरी ऐकू आलं, माझ्याशी नव्हे. नंतर बराच वेळ नुसता बॉलचा आवाज, आणि हळूहळू त्याच्या आडून काकांचा श्वास, लांब, सावकाश, भरदुपारी गाढ झोपलेल्या माणसाचा. मी फोन बंद केला नाही. उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, कपाटाचं दार वाजू नये म्हणून उघडंच ठेवलं, आणि जिन्याकडे जाताना भिंतीच्या कडेकडेनं गेले. मधून कुणी खेळत असेल, तर त्याच्या वाटेत नको.